घर रिकामं आहे ना?

या खेपेला सुट्टीत पुलगावला सासरी आलो, तर शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "काऊन वो, तिकडं दोघंच राह्यता, भेव नाई लागत काय?"

"नाई बाप्पा, भेव कायचं?" मी म्हटलं. सासूबाई बाजूलाच तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यामुळे एवढंच म्हणणं भाग होतं. खरं सांगायचं तर जर्मनीत राहून आम्हाला सहा वर्षं झाली आणि त्यातला एक दिवस मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी आम्ही घर बदलत होतो, आणि माझ्या एका शब्दापायी मी स्वतःच्या नवऱ्याला बॉम्बच्या शेजारी सोडून आले होते.

तो शब्द आधी सांगते. जर्मन लोक 'हो' म्हणायला 'या' म्हणतात. मी हिंगणी गावची. आमच्याकडे कोणी काही विचारलं की आधी "हव" म्हणायचं, कळलं की नाही ते मागाहून बघायचं. समोरचा मोठा असला, साहेब असला, की दोनदा, "हव हव". ही खोड मी जर्मनीत जशीच्या तशी घेऊन गेले. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे, कोणी भराभरा काही बोललं की मान हलवून माझं "या, या" सुरू. नवरा चिडवायचा, "साऱ्या गावाले घरी बोलावून राह्यली काय?" मी म्हणायची, तुमच्यासारखं तोंडाला कुलूप लावून बसण्यापेक्षा बरं. तो परक्यांसमोर बोलतच नसे.

घर बदलायचं म्हणजे तिकडे एक शिक्षाच. जुनं घर पांढरंफेक रंगवून, शेगडीच्या मागची भिंतसुद्धा घासून द्यायची. आमच्या फोडणीनं पिवळी झालेली ती भिंत मी दोन दिवस घासत होते. पंधरा दिवस जो भेटेल तो एकच विचारत होता, "घर रिकामं झालं का?" आणि मी प्रत्येकाला "या, या".

सामान आदल्या दिवशी नव्या घरी नेलं. नवं घर रेल्वेच्या यार्डापाशी, तिसऱ्या मजल्यावर. नवरा एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला आहे, त्याची रात्रपाळी होती. तो सकाळी सातला थेट नव्या घरी आला, दोन घास पोहे खाल्ले आणि खोक्यांच्या मध्ये गादी टाकून आडवा झाला. जुन्या घराची किल्ली अकराला परत द्यायची होती, म्हणून मी बादली, पोछा घेऊन नऊला निघाले.

खाली फाटकाशी पिवळी जॅकिटं घातलेले दोघे उभे होते, हातात कागद लावलेली पाटी. त्यातल्या बाईनं आमच्या बिल्डिंगकडे बोट दाखवून भरभर काही विचारलं. मला त्यातलं 'घर' कळलं, 'रिकामं' कळलं. माझ्या डोक्यात जुनं घर. म्हटलं ही घरमालकाचीच माणसं असतील. मी हसून म्हटलं, "या, या." तिनं पुन्हा हळू विचारलं, कोणी नाही ना? मी जोरात मान हलवली, "या!" तिनं कागदावर खूण केली. मी ट्राममध्ये जाऊन बसले.

जुन्या घरी घरमालकाचा व्यवस्थापक माझ्या आधीच येऊन उभा होता. प्रत्येक खिडकी उघडून बघणारा, नळाखाली बोट फिरवणारा माणूस. किल्ल्या मोजून घेताना त्यानं नवा पत्ता विचारला आणि मी सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. मोबाईल काढून त्यानं मला नकाशा दाखवला. त्यावर एक लाल वर्तुळ. यार्डात खोदताना जुन्या महायुद्धातला बॉम्ब सापडला होता, सकाळपासून आजूबाजूची सगळी घरं खाली करणं चाललं होतं, आणि दुपारी तो निकामी करणार होते. आमची गल्ली वर्तुळाच्या बरोबर आत.

तो म्हणाला, "बरं झालं, तुमच्या घरी कोणी नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पिवळी जॅकिटं. तो कागद. मी बादली तिथंच टाकली. नवऱ्याला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. त्याचा चार्जर माझ्याच पिशवीत होता! म्हणजे बॅटरी संपली आणि तो ढाराढूर झोपलाय. मी व्यवस्थापकाला नमस्कारसुद्धा न करता धावत सुटले.

ट्राम दोन थांबे आधीच थांबवलेली. पुढे पळत गेले. रस्त्याला पट्टी बांधलेली, पोलीस उभे, म्हातारी माणसं खुर्चीवरून बसमध्ये चढवणं चाललेलं. आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. न उचलावा तर त्या दहा वेळा लावतील. मी भिंतीकडे तोंड करून उचलला.

"लागलं का वो सामान? तो कुठं हाय?"

"झोपले," मी म्हटलं. आवाज कापू नये म्हणून गाल आतून चावून धरला होता.

"झोपू दे त्याले," सासूबाई हसल्या. "लहानपणापासून तसाच हाय तो. गिरणीचा भोंगा वाजे, सारा मोहल्ला उठे, पण याची कूस नाई बदलत होती. उठवजो नको."

मी "हव" म्हटलं आणि फोन ठेवला. गिरणीच्या भोंग्यानं न उठणारा माणूस! कोण उठवणार होतं त्याला? मला रडू फुटलं, रस्त्यात, चारचौघांत, भोकाड पसरून. इतका राग आला मला माझ्याच जिभेचा की वाटलं, ही उपटून फेकावी.

एक पोलीसबाई जवळ आली. मी म्हटलं, "माझा नवरा घरात. झोप." पुढचं जर्मन तोंडातून निघेना. तिनं पत्ता विचारला, यादी बघितली. तिथं लिहिलं होतं, रिकामं. घंटीच्या पाटीवरही आमचं नाव नव्हतं, जुन्या भाडेकरूचंच होतं. ती म्हणाली, "बेल वाजवली, दारही ठोठावलं, कोणी उघडलं नाही. आणि एका बाईनं सांगितलं, कोणी नाही."

"ती बाई मी," मी म्हटलं. हे वाक्य मात्र जर्मनमध्ये अगदी स्वच्छ आलं.

ती वायरलेसवर बोलली. बॉम्ब निकामी करायचं काम अजून सुरू झालं नव्हतं. मला गाडीत बसवून ती गल्लीत घेऊन गेली. काय सांगू ती गल्ली! एक माणूस नाही, कबूतर नाही, उघड्या खिडकीतला एक पडदा तेवढा हलत होता. घरासमोर गाडी थांबली. तिनं कर्ण्याचा माईक माझ्या हातात दिला. म्हणाली, नवऱ्याला नावानं हाक मारा.

नावानं! लग्नाला नऊ वर्षं झाली, मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. अशा वेळीसुद्धा जीभ वळेना. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं मी ओरडले, "अवो! ऐकून राह्यले काय? मी हाव! बॉम्ब सापडला हाय, खाली या! अवो, लवकर या ना!"

वरची खिडकी बंदच. मी दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले, आवाज फाटला.

मग खालचं दार उघडलं. नवरा बाहेर आला. पँट, बूट, वर कोट, सगळी बटणं लावलेली. झोपेतून उठलेल्या माणसाचा चेहराच नव्हता तो. छातीशी आमची कागदांची फाइल धरलेली, पासपोर्ट, करारपत्र, व्हिसा वाढवायच्या अर्जाची पावती, सगळं असलेली. तो माझ्याकडे आलाच नाही. पोलीसबाईपुढे गेला आणि दोन्ही हातांनी फाइल तिच्यापुढे धरली. तिला कळेना. "नको, नको," म्हणत तिनं त्याच्या खांद्याला धरून गाडीत बसवलं.

आम्हाला एका शाळेच्या व्यायामशाळेत नेऊन सोडलं. कोणीतरी चहा दिला. मी त्याला खूप बोलणार होते, खरंच. फोन काऊन बंद, बेल ऐकू येत नाही का, माझा जीव गेला असता ना. पण त्यानं एका हातानं फाइल छातीशी धरून ठेवली होती आणि दुसऱ्या हातातला कप तिरपा होऊन चहा सांडत होता. मी कप धरला.

"तुम्ही जागे होते?"

"बेल वाजली तवाच उठलो. दाराच्या भोकातून पाह्यलं, तर बाहेर वर्दी." तो हळू बोलत होता, कोणी ऐकेल असं. "फोन वाजला तर बाहेर आवाज जाईन म्हणून बंद केला. दाराआड बसून राह्यलो."

"अवो, पण आपले कागद तर सारे बरोबर हायेत ना?"

"हायेत." त्यानं फाइलवरचा हात काढला नाही. "पण खाली भोंग्यावर ओरडून राह्यले होते, घर सोडा, घर सोडा. मले वाटलं, आपल्यालेच म्हणून राह्यले."