चालतं आणि आवडतं

टेंभी नाक्यावर पत्रकं वाटत होते तेव्हा नितीनदादाचा फोन आला. "मम्मी गेली गं." विमलमामी, माझी कळव्याची मामी, वर्षभर किडनीच्या दुखण्याने झिजत होती, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. राग आला. तो अजून आहे, म्हणून हे लिहितेय.

दहावीनंतर आईची बदली झाली आणि मी मामीकडे राहायला गेलेले. तेव्हा माझ्या लेखी भाजी म्हणजे बटाटा. मामीने कधी आग्रह केला नाही. स्वतःच्या ताटात टाकळा, कुर्डू, कंटोळी वाढून घ्यायची आणि माझ्यासमोर बसून अशी मन लावून जेवायची, की शेवटी मीच म्हणायचे, "एक घास दे ना." "का? तुझा बटाटा संपला?" असं करत मी कारल्यापर्यंत पोचले, आणि मग भारंगीच्या कडू पाल्यासाठी पावसाळ्याची वाट बघायला लागले. पुढे मी आहार-जागृतीचं काम करायला लागले, आमच्या गटाने पत्रक काढलं, 'पौष्टिक रानभाज्या खा'. मोठ्या अभिमानाने तिला दाखवायला नेलं. वाचून म्हणाली, "हे वाचून आजारी माणूस खाईल बाय. जिभेचं काहीच नाही यात."

मग तीच आजारी पडली आणि घरात दोनच गोष्टी उरल्या, चालतं आणि नाही चालत. पालेभाज्या बंद, बटाटाही बंद. दुधी उकळायचा, क्षार जावेत म्हणून पाणी ओतून टाकायचं, उरलेला चोथा तिला भरवायचा. जुलैत तिने भारंगी मागितली. दादा म्हणाला, "नाही चालत, मम्मी."

"तिचंपण पाणी ओतूनच करतात रे, तुझ्या दुधीसारखं," मामी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. आता पथ्य पुरे, त्यांना आवडेल ते द्या... मी तशीच बाजारात गेले आणि भारंगीची जुडी घेऊन आले. दादाने ती माझ्या हातातून काढून घेतली. "हे दिलं की तिला कळेल ना, आपण हात टेकले ते." मी भांडले, खूप भांडले. पण घर त्याचं, आई त्याची. स्वतःची भीती त्याने तिच्या ताटात वाढली. मामीचा शेवटचा घास दुधीचा होता.

तेराव्याला मात्र तो पहाटे उठून भारंगी घेऊन आला. पान वाढून गच्चीत ठेवलं. कावळा लगेच शिवला. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, इच्छा पुरी झाली." कोणाची, ते विचारायची तिथे सोय नव्हती. सगळे समाधानाने जेवायला बसले. दादा माझ्या पानाशी वाकला. "घे ना, मम्मीला आवडायची."

"आता चालते का?" मी विचारलं.

त्याने पानात पळीभर वाढली. भाजी फार छान झालेली, हवी तेवढीच कडू. मी सगळी खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि त्याला माफ केलं नाही.