शिक्का मारलेली पोच

शीळफाट्याजवळच्या गावातून आलेले ते काका आणि त्यांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नोकरीत असताना हे कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. काका पूर्वी भातशेती करणारे. रस्त्यात जमीन गेली. मोबदला तिघा भावांचा, पण थोरले म्हणून यांच्या खात्यात ठेवलेला. भावाभावांत कागद नव्हता. दादाचा शब्द, एवढंच.

पिशवीतून त्यांनी इन्कम टॅक्सची नोटीस काढली. विठ्ठलवाडीत तुमच्या नावावर ट्रेडिंग फर्म आहे, मोठे व्यवहार झालेत, पंधरा दिवसांत खुलासा करा.

"सायेब, मी कवा दुकान घातला? विठ्ठलवाडीला मी एकदा चुकून उतरलेलो, तेवढाच."

कुणीतरी त्यांचं पॅन कार्ड वापरलं होतं, हे उघड होतं. गुन्हा दाखल करायला हवा होता. पण महिनाअखेर होती. वरिष्ठ म्हणाले, "अर्ज घे, चौकशीवर ठेव." ही आमच्याकडची जुनी सोय. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामुळे प्रलंबित गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही. मी नोटिशीसकट अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का मारून पोच दिली.

काकांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे जबाब गेला ना, सायेब?"

सरकार एकच, एका दारात दिलं की सगळीकडे पोचतं, असा त्यांचा समज. तो समज चुकीचा आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. खाली बंदोबस्ताची गाडी हॉर्न देत होती.

"हो हो, गेला. जा घरी."

काही महिन्यांनी त्यांचा धाकटा भाऊ ठाण्यात आला. "साहेब, टॅक्सवाल्यांनी दादाचं खातं गोठवलंय. आमच्यापासून चोरून त्याने धंदा केलाय. नोटिसा लपवल्या. चौकशी करा."

तिघांनाही बोलावलं. मी काकांना दरडावूनच विचारलं, "नोटिसांना उत्तर का दिलं नाही?"

त्यांनी पिशवीतून पोच काढली. लॅमिनेट करून घेतलेली. "जावय बोलला, सीएकडं चला. मी बोललो, कशाला? शिक्का हाय."

मधला भाऊ हसला. "बघा आमचा सेठ! आता शिक्क्याची गोष्ट रचतोय."

जबाब गेला असं यांना मीच सांगितलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "काका, हा पोलिसांचा शिक्का. टॅक्सवाल्यांना वेगळं उत्तर द्यावं लागतं. एवढं तरी कुणाला विचारायचं."

त्यांनी विचारलं होतं. मलाच. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पोच पुसली आणि पिशवीत ठेवली.

मग मात्र मी गुन्हा दाखल करून जोरात तपास केला. जोर कशातून आला होता, ते मला माहीत आहे. फर्मच्या कागदांना जोडलेल्या पॅन कार्डच्या झेरॉक्सवर एका कोपऱ्यात व्हाइटनर होता. उजेडात धरल्यावर खाली पेनाने लिहिलेला आकडा दिसला: काकांच्या गेलेल्या जमिनीचा गट नंबर. म्हणजे प्रत मोबदल्याच्या फाईलमधली. मोबदल्याच्या फायलींचं काम गावात एकाच एजंटने केलं होतं. त्याला आणला. दोषी माणूस बहुधा प्रश्न पुन्हा विचारायला लावतो, उत्तर जुळवायला वेळ मिळतो म्हणून. हाही "काय साहेब? कोण साहेब?" करत राहिला. ती झेरॉक्स समोर ठेवली आणि अक्षर कुणाचं एवढंच विचारलं. त्याने झेरॉक्स माझ्याकडे परत सरकवली. म्हणाला, "लिहून घ्या."

एफआयआर जोडून टॅक्सवाल्यांना उत्तर गेलं, यथावकाश खातं मोकळं झालं. मला बक्षीस मिळालं. तोवर भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, अंगणात भिंत आली होती. धंदा दादाचा नव्हता हे त्यांना पटलं. दादाने नोटिसा लपवल्या, हे मनातून गेलं नाही. तो डाग फक्त मी पुसू शकत होतो. मी पुसला नाही.

गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. परवा मलाच टॅक्सचं पत्र आलं, किरकोळ तफावतीचं. त्याच दिवशी उत्तर दिलं, पोचलं का ते तीनदा पाहिलं. मग राहवेना. घोडबंदर रोडवरच्या घरून गाडी काढली, थेट काकांच्या ओटीवर गेलो. सगळं सांगितलं.

"मना ठावं हाय ते," काका म्हणाले. "भिंतीपल्याड ठावं नाय. लेखी देता का?"

इतकी वर्षं लोकांचे जबाब घेतले. खोटं पकडायला शिकलो. घाईत आपण बोललेलं खोटं दुसऱ्याच्या घरात किती वर्षं राहतं, ते या प्रकरणाने शिकवलं, आणि मी फार उशिरा शिकलो.

काका, हे लेखी. नोटीस तुम्ही लपवली नव्हती, माझ्याकडे आणून दिली होती. जबाब गेला, असं मी खोटं सांगितलं होतं. शिक्का आता माझ्याकडे नाही. भिंतीपल्याड हे असंच वाचून दाखवा.