सुमनबाईंच्या भोपळ्याची माती

१९ जानेवारी २०२४ रोजी मी मातीपरीक्षणाचे पस्तीस रुपये भरले. माती शेजारच्या सुमनबाईंच्या परसातली होती.

कळमनुरीत माझ्या भाड्याच्या खोलीला लागून त्यांचं घर. पती भागवतराव वारून चार वर्षं झाली होती. लेक शिवकन्या पुण्याला. भागवतराव दरसाल लाल भोपळा लावत आणि बी राखत. त्यांनी राखलेल्या आठच बिया उरल्या होत्या. पाच आदल्या पावसाळ्यात लावल्या. पानं पिवळी पडून वेल वाळले. राहिल्या तीन.

"रोज चुलीची राख टाकत व्हते की," सुमनबाई म्हणाल्या. "आमचे हे सुदीक टाकायचे. पण चिमूटभर. मी आपली टोपलंभर."

"एकटीच्या चुलीत एवढी राख?"

"दिसभर पेटती ठेवते. धूर निघाला की घरात माणूस हाय असं वाटतं."

मी वाणिज्य शाखेचा. पण अहवाल वाचता येतो. सामू, म्हणजे पीएच, ८.८ निघाला, भोपळ्याला सहा ते सात मानवतो. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात राखेची भर.

राख बंद केली. वरचा थर खरवडून काढला, गंधकाची भुकटी आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, ओल राखली. जूनमध्ये सामू ८.१ आला. तीनपैकी एकच बी उगवलं. दिवाळीला वेलावर एक भोपळा होता.

संक्रांतीला गेलो, तर तो कोपऱ्यात तसाच.

"अजून कापला नाही?"

"बाईनं अख्खा भोपळा फोडू न्हाई. पहिला वार गड्याचा लागतो. कोण हाय घरात?"

"मला हाक मारायची."

"तुमी हापिसातले. बोट कापून घ्याल." मग हळूच म्हणाल्या, "अन् आत बी पोचट निघालं तर?"

मी विळा घेऊन भोपळा फोडला. बिया भरलेल्या होत्या. सुमनबाई त्या ओंजळीत धरून बराच वेळ बसल्या. चूल विझलेली होती.

"दहा घ्या," त्या म्हणाल्या. "उसन्या. वीस करून द्या. स्वतः आणून द्यायच्या."

"माझ्याकडे परस कुठे आहे?"

"रिटायर झाल्यावर तुमच्या गावी हाय की. आधी माती तपासा."

निवृत्तीला सात महिने आहेत. बिया डबीत आहेत. सुमनबाईंना वीस बिया देणे आहे.