आडव्या ओळी, उभ्या ओळी

सुधा गेल्याचा फोन तिच्या मुलाने, निखिलने केला. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. मी खूप रडले. पण त्या सकाळी तो तिच्या घरी होता, याचं बरंही वाटलं. चार वर्षांपूर्वी तो तिथे नसता.

सुधा बर्मिंगहॅमला भूलतज्ज्ञ होती. पेशंटला गप्पा मारत झोपवणारी ही माझी मैत्रीण घरी मात्र भारी तापट. निखिलने डॉक्टरी अर्ध्यावर सोडून मेडनहेडला कॉम्प्युटरची नोकरी धरली, तेव्हा तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. रिटायर झाल्यावर ती एका संग्रहालयात जुन्या पत्रांच्या नकला करायला जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकातला कुणी चित्रकार आणि त्याची कादंबरीकार मैत्रीण यांची ती पत्रं. टपालखर्च वाचवायला तेव्हा लोक भरलेला कागद काटकोनात फिरवून त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहीत. सुधाला आधी वाटलं, दोघं एकाच कागदावर भांडताहेत. मग कळलं, सगळं अक्षर चित्रकाराचंच. "अगं, पानभर तिच्या पुस्तकाला नावं ठेवतो, आणि कागद फिरवला की म्हणतो, रागावू नकोस, चहाला ये! मला नाही बाई असं जमायचं."

पण तिने जमवलं. इंग्लंडमध्येच वाढलेल्या निखिलला तसंच पत्र लिहिलं, तेही मराठीत. आता आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ... आडव्या रेघांवर उभ्या रेघा, म्हणजे खिडकीची जाळीच झाली! दोन दिवसांनी त्याचा फोन. "आई, हा पत्र मला अजिबात वाचता येत नाही. इट्स जस्ट लाइन्स! मी शनिवारी येतो, तू वाचून दाखव."

तो आला. मी तिथेच होते. सुधाने कागद फिरवला आणि फक्त उभ्या ओळी वाचल्या. "जेवायला येत जा. तुझं काम काय असतं, ते मला नीट समजावून सांग." बाकीचं काय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "ते राहू दे." त्यानंतर तो बहुतेक शनिवारी येत राहिला.

गेल्या आठवड्यात निखिल तेच पत्र घेऊन माझ्याकडे आला. हल्ली तो माझ्याकडे मराठी वाचायला शिकतो. उभ्या ओळी अडखळत त्याने पुऱ्या केल्या आणि कागद फिरवला.

"आता हा पण वाचू या, मावशी."

"अरे, त्यात ती रागावलीय."

"रागावू दे ना. मला ऐकायचा आहे."

त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "गा... ढ... वा..." आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्याने हसला.