जायला जवळ, यायला लांब

कोंडोट्टीच्या उतारावर बीयात्तुम्माचं कौलारू घर. करिपूरच्या विमानतळावर उतरणारं विमान तिच्या माडांच्या शेंड्यांना कुरवाळूनच खाली जातं, असं ती सांगायची. एकुलता एक मुलगा नौफल दुबईला बेकरीत. तीन वर्षं झाली, घरी पाऊल नाही.

दुबई किती लांब, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं : “जायला दोन तास वीस मिनिटं. यायला पाच तास वीस.”

हा हिशेब नौफलच्या पहिल्या तिकिटावरचा. इथून दहाला उडालं ते तिथे बारा वीसला टेकलं. येताना दीडला निघालं ते सहा पन्नासला पोचलं. छापलेलं खोटं कसं असेल? शेजारणी ओढणी तोंडावर धरून खुदखुदत. ती म्हणे, “हसा! घराकडची वाट लांबच असते.”

या ईदला नौफल येणार होता. आदल्या दिवशी सकाळी तांदळाच्या पातळ भाकऱ्या, पत्तिरी, तव्यावर पडल्या आणि फोन वाजला.

“उम्मा, मालक सोडत नाही गं. पुढच्या वेळी नक्की. चार तासांची तर वाट, कधीही येईन.”

“चार कुठले, मोने, माझ्या पोरा? पाच तास वीस मिनिटं. जीव दमतो तेवढ्यात. राहू दे.”

दारात टॅक्सीवाला कुंजलवी उभा होता. संध्याकाळी नौफलला आणायचं म्हणून गाडी चकाचक धुऊन आलेला. त्यानं नाक चिमटीत धरलं आणि विमानातल्या बाईचा गोड आवाज काढला :

“प्रवाशांनो, जाताना उतार आहे, येताना चढ आहे. मागच्या रांगेनं कृपया उतरून धक्का मारावा!”

बीयात्तुम्मालाही हसू फुटलं. कुंजलवीला चेव आला. त्यानं भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं, काटे मागे फिरवले.

“हे बघ इत्ता, माझे ताई, तिथली वेळ आपल्या दीड तास मागे. इथे दहा, तेव्हा तिथे साडेआठ. साडेआठ ते बारा वीस, मोज. तीन तास पन्नास. येतानाही तीन तास पन्नास. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही!”

तिनं बोटं मोजली. पुन्हा मोजली. तव्यावरची पत्तिरी करपली.

“म्हणजे यायलाही तेवढंच?”

“तेवढंच!”

“मग... त्याला कधीही येता आलं असतं.”

कुंजलवी घड्याळ परत खिळ्याला अडकवायला वळला.

“काटे होते तसे कर,” ती म्हणाली. त्यानं काटे पुन्हा पुढे फिरवले. पत्तिरींची चळत केळीच्या पानात बांधून तिनं त्याच्या हातात दिली. “पोरांना घाल. गरम आहेत तोवर.”

सहा पन्नासला माडांवरून विमान घरघरत गेलं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “अगं, नौफल आला का?”

बीयात्तुम्मानं वर बघितलं नाही. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या सुपात भरत म्हणाली, “कसा येईल? यायला पाच तास वीस मिनिटं लागतात.”