कडुलिंबापासून पाचवी

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या मंडळीतली माणसं बादल्या घेऊन दफनभूमीत येतात. आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, चुना मारायचा आणि क्रुसावरचं नाव काळ्या रंगाने पुन्हा गिरवायचं, म्हणजे रविवारी पहाटेच्या उपासनेला सगळं लख्ख दिसतं. लग्न झाल्यापासून मी हे करत आले. पण नाव गिरवायचं काम माझं नव्हतं, ह्यांचं होतं. हे शनिवार पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर इतकं देखणं, की लोक हातातली बादली खाली ठेवून ‘आमचंही एवढं गिरवून द्या’ म्हणत मागे उभे राहायचे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून मी चुन्याला.

मग ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. धायरीहून रिक्षा, चार तास मशीन, परत रिक्षा. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी मी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायची. उन्हाळ्यात हे त्या बाटलीकडे बघत बसायचे, मागायचे मात्र नाहीत. मागितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दर बुधवारी महिला मंडळातल्या बायका प्रार्थनेला यायच्या. चांगल्या होत्या, फळं आणायच्या, जी ह्यांना चालायची नाहीत. त्यातल्या एक जाड चष्म्याच्या बाई निघताना माझा हात धरून म्हणायच्या, “इथलं दुःख दोन दिवसांचं हो. तिकडे सार्वकालिक विसावा आहे. नजर तिकडे ठेवा.”

एकदा मी म्हटलं, “ठेवली असती, पण सध्या ती कुकरवर आहे. दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीची वाट बघतेय.”

बाई हसल्या. मी काही विनोद केला नव्हता. खरं सांगायचं तर माझा विश्वास उडाला नव्हता. उडाला असता तर निदान कोणाशी तरी वाद घातला असता. मी नुसती दमले होते, आणि दमलेल्या माणसाला अनंतकाळ हा शब्दही लांबलचक वाटतो. विसावा अनंत असला तरी त्यात चादरी कोण धुणार, असलं काहीतरी मनात यायचं.

ईस्टर जवळ आला की हे एकच विचारायचे, “आईची कबर नीट आहे ना?”

विचारण्यामागचं कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे जागा कमी, म्हणून घरातलीच जुनी कबर उघडून नव्या माणसाला तिथे ठेवतात. सासूबाईंची कबर ही ह्यांची ठरलेली जागा होती. शनिवारी ह्यांना मशीनवर सोडलं की त्या चार तासांत मी रिक्षाने दफनभूमी गाठायची, तिसऱ्या रांगेत कडुलिंबापासून पाच मोजायची, भराभर चुना फासायची आणि पळत परत यायची. आधी नेहमी ह्यांच्या मागून गेलेली, त्यामुळे मला ठाऊक असलेली खूण तेवढीच. नाव काही मला गिरवता येत नव्हतं, ते चुन्याखाली गेलं. घरी आल्यावर सांगायची, “पांढरीशुभ्र आहे.” अशी तीन वर्षं गेली.

गेल्या वर्षी चुना मारून परत आले तेव्हा हे म्हणाले, “या खेपेला मला ने. जागा बघून येतो.”

मी आधी नाहीच म्हटलं. शनिवारच्या डायलिसिसनंतर रविवारी ह्यांना उठून बसवतानाही माझी दमछाक व्हायची. पण हे गप्प बसले, आणि ह्यांच्या गप्प बसण्यापुढे माझं कधी चाललं नाही. पहाटे पावणेपाचला घडीची व्हीलचेअर रिक्षात कोंबून आम्ही निघालो. “एवढ्या पहाटे ॲडमिट?” रिक्षावाल्याने विचारलं. “नाही, दफनभूमी,” हे म्हणाले. त्याने हळूच रेडिओ बंद केला.

उपासना संपली, लोक मेणबत्त्या घेऊन आपापल्या कबरींकडे पांगले. मी खडबडीत वाटेवरून खुर्ची ढकलत पाचव्या कबरीपाशी आणली. चांगलं उजाडलं होतं. हे बराच वेळ क्रुसाकडे बघत राहिले.

“ही आई नव्हे.”

“अहो, असं काय करता? कडुलिंबापासून पाचवी.”

“आईच्या क्रुसाचा डावा हात तुटका आहे. बसवताना माझ्याच हातून हातोडा लागला होता.”

समोरचा क्रूस धडधाकट होता. मी परत झाडापाशी गेले. बुंध्याला लागून गवतात एका लहान मुलाची कबर होती, जमिनीत खचलेली. ती माझ्या मोजणीत कधी आलीच नव्हती. म्हणजे मी रंगवत होते ती सहावी. पाचवी तिच्या शेजारीच, कमरेएवढ्या गाजरगवतात. मी गवत बाजूला केलं तर काळाठिक्कर पडलेला क्रूस आणि त्याचा तुटका डावा हात.

मी तिथेच त्या परक्या कबरीच्या काठावर बसले आणि ईस्टरच्या नव्या साडीत हमसून हमसून रडले. “मला नाही होत आता,” मी म्हटलं. “एक साधी कबर सांभाळता आली नाही मला. तुमचं काय सांभाळणार? स्वर्गबिर्ग तुमचा तुम्ही बघा.” आजूबाजूच्या मेणबत्त्या आमच्याकडे वळल्या असतील. मला पर्वा नव्हती.

ह्यांनी खुर्ची जरा पुढे घ्यायला लावली आणि त्या सहाव्या क्रुसावरचा चुना नखाने खरवडू लागले. माझेच चार थर होते. बऱ्याच वेळाने खालून एवढंच निघालं: ‘बाई’. त्याच्या आधीचं नाव कधीच पुसलं गेलं होतं.

“हिचं कोणी येत नसणार,” हे म्हणाले. “नाहीतर तुला कोणीतरी हटकलं असतं. चार वर्षं फुकटचा चुना मिळाला बाईला. वर भेटली की चहा पाजेल. आणि तिथे मला तो मोजून प्यावा लागणार नाही.”

“आणि आई?”

“आई रागावेल. आठ-दहा दिवस बोलायची नाही.” ह्यांनी नखातला चुना झटकला. “पण तिथे आठ-दहा दिवस म्हणजे काय गं!”

मला रडता रडता हसू फुटलं. चार वर्षं सगळे मला तिकडे बघ, तिकडे बघ म्हणत होते आणि मला काही दिसत नव्हतं. त्या सकाळी दिसलं: सासूबाई फुरंगटून बसल्यात, शेजारची बाई आधण ठेवतेय आणि हे वाट बघतायत.

पुढच्या आठवड्यात चुना आणि काळा रंग घेऊन आम्ही परत गेलो. ह्यांचा हात थरथरत होता, म्हणून हे खुर्चीतून सांगत राहिले, इथून उचल, इथे दाब, घाई करू नकोस, आणि मी सासूबाईंचं नाव लिहिलं. “कोंबडी सुधारली,” हे म्हणाले.

दिवाळीच्या आधी, एका गुरुवारी, हे गेले. पाचवी कबर उघडली. जाड चष्म्याच्या बाई आल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या, दोन दिवसांचं. या वेळी मी उलट बोलले नाही. त्यांना चहा केला.

यंदाच्या शनिवारी मी बादली घेऊन गेले तेव्हा परत पळायचं नव्हतं. चार तासांनी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं आणि ते फार जड गेलं. मी दोन्ही कबरींना चुना मारला. पाचवीवर दोन नावं लिहिली, सहावीवर ‘बाई’ गिरवलं. रंग वाळेपर्यंत तिच्याच काठावर बसून राहिले. आसपास कोणी नाही असं बघितलं आणि मग तिला म्हटलं, “बाई, आमचे हे तुमच्या शेजारी राहायला आलेत. जरा लक्ष असू द्या. स्वतःहून मागणार नाहीत, पण त्यांना पाणी विचारा. हवं तेवढं पिऊ द्या.”