दाजींचा खरा राखाडी

काळ्या रंगाला आमच्या दाजींइतकं छळणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जुन्या जालन्यात त्यांचा फोटो स्टुडिओ. दुकानात कॉम्प्युटर आणि इंकजेट प्रिंटर आल्यापासून गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे काळे-पांढरे फोटो तेच करून देत. "काळा तो काळाच ना, दाजी?" असं मी एकदाच विचारलं. "बिलकुल न्हाई! हा प्रिंटर रंगीत शाया मिसळून राखाडी करतो. ट्यूबखाली हिरवट, बल्बखाली तांबूस. फोटो कुठं टांगणार ते आधी सांगायचं!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दुसरा रंग पडू नये म्हणून त्यांनी भिंती सिमेंटी करून घेतल्या होत्या. लोक विचारत, "रंग कधी देऊन राह्यले?" शर्टही राखाडीच. शहागडचे एक पाटील लाल फेटा बांधून वडिलांचा फोटो करायला आले, तर दाजी म्हणाले, "पाटील, फेटा बाहेर ठेवा. वडील गुलाबी दिसून राह्यले."

अक्काचे केस पिकायला लागले तेव्हा तर कहरच झाला. ताजा प्रिंट घरी आणून हे तिच्या अंबाड्याशी धरून पाहत. "हा खरा राखाडी!" भाकरी थापता थापता अक्का मला म्हणायची, "लोक बायकोला गजरा लावतात, हे कागद लावून पाहून राह्यले!" पण मान मात्र हलवायची नाही.

फोटो कागदावर कसा उतरेल ते छापण्याआधी पडद्यावरच पाहता येई. त्यासाठीचं बटण दाबलं की चमकदार फोटो एकदम मलूल व्हायचा आणि गिऱ्हाईक बिचकायचं. म्हणून दाजी आधीच सांगत, "डोळे मिटा. पडद्यावर कागद येऊ द्या, मंग उघडा." जरा वेळानं उघडलेल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नसे.

मग अक्का गेली. तेरावा दुसऱ्या दिवसावर आला तरी तिच्या फोटोचा पत्ता नाही. गावाचे फोटो वेळेवर देणारा माणूस घरचाच देईना. "केस बराबर येईनात," एवढंच. शेवटी मी दुकानात जाऊन बसलो. पडद्यावर अक्का हसत होती, केस हुबेहूब तिचे.

"दाजी, बराबर आहे. काढा आता."

"डोळे मिट," ते म्हणाले.

मी मिटले. बराच वेळ काहीच होईना म्हणून उघडले. बटण दाबलंच नव्हतं, फोटो तसाच चमकत होता. डोळे दाजींनीच मिटले होते.

"दाजी, कागद आणायचा ना?"

"थांब जरा. एकदा कागदावर आली की मंग झालंच."

 तेराव्याला भिंतीवरचा खिळा मोकळाच राहिला. आल्यागेल्यांनी विचारलं, तेव्हा मीच सांगत होतो, "केस अजून बराबर येईनात."